घणसोलीच्या बांधावरचा रोहित आणि दुसरा हात

"फ्लेमिंगो बघायला कधी जाऊ, कसं जाऊ?" असे निरोप मला दर हिवाळ्यात येतात. सगळ्यांना मी तेच सांगते. वर्तमानपत्रात भरतीची वेळ बघा, भरतीच्या दोन तास आधी पोचा, पांढरे कपडे घालू नका, चिखलाची भीती वाटणार असेल तर घरीच थांबा, आणि कोणाला तरी बरोबर न्या. शेवटच्या सूचनेचं कारण आजवर कोणी विचारलेलं नाही. न विचारताच सांगते. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर ऐंशीच्या दशकातल्या जानेवारीतल्या एका रविवारी यावं लागेल. प्रवास फार लांबचा नाही, वाशी ते घणसोली एवढाच.

तेव्हा मी वाशीत एकटी राहत होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातलं वर्षभर नवरा मस्कतला होता, दोन वर्षांच्या करारावर. गिरगावातल्या चाळीत वाढलेली मी. तिथे कढी उतू गेली तरी तीन घरांतून "अगं गॅस" अशी हाक यायची. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये दार लावलं की लावलं. समोरच्या फ्लॅटला कुलूप, खालच्यालाही कुलूप. लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, राहायला आले नव्हते. रेल्वे अजून यायची होती. संध्याकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त. कधीकधी मी दूधवाल्याशी उगाच दुधाच्या पातळपणावरून भांडायचे, तेवढंच बोलणं व्हावं म्हणून. दूध चांगलं असायचं बिचाऱ्याचं.

अशात वाण्याच्या दुकानाबाहेर कागद चिकटवलेला दिसला: 'पक्षीमित्र मंडळ. दर रविवारी फेरी. वर्गणी माफक.' पक्ष्यांमधलं मला कावळा आणि चिमणी सोडून काही कळत नव्हतं, पण 'दर रविवारी' हे शब्द आवडले. नवऱ्याला कळवलं, तर त्याने मस्कतहून येणाऱ्या एका माणसाबरोबर दुर्बीण पाठवून दिली. जपानी, कातडी पेटीतली. मंडळात तशी दुर्बीण कोणाकडेच नव्हती. त्यामुळे झालं काय, की तीन रविवार गेले तरी माझं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, दुर्बीण मात्र सगळ्यांच्या राहिली. "मस्कतवाल्या बाई, जरा देता का?" म्हणून ती हातोहात फिरायची आणि मी रिकाम्या हाताने उभी.

मंडळाचे प्रमुख परांजपे सर, निवृत्त विज्ञानशिक्षक. बारीक अंगाचे, टोपी घालणारे आणि मास्तरकी न विसरलेले. जानेवारीतल्या त्या रविवारी खाडीकाठची वार्षिक गणना होती. गणनेची यादी सायक्लोस्टाइल करून सर गावोगावच्या मंडळांना टपालाने पाठवायचे. एखादा पक्षी आपल्या भागात पहिल्यांदा दिसला, तर यादीत त्याच्यापुढे पाहणाऱ्यांची नावं यायची. खोटं कशाला बोलू, मला त्या यादीत माझं नाव हवं होतं. पक्ष्यासाठी नाही. मी इथे राहते हे कुठेतरी छापलं जावं म्हणून.

पण सरांचा एक नियम होता, दोन हातांचा. दोघांनी पाहिला तरच पक्षी यादीत. शेवटी सर एकेक नाव वाचत, आणि पाहणाऱ्या दोघांनी हात वर करायचा. एकच हात वर आला तर नाव खोडलं जाई. "एका माणसाला हवं ते दिसतं, दोघांना असेल ते दिसतं," असं सर म्हणत.

सकाळी साडेसहाला वाशीहून बस धरली. तिकीट बहुधा साठ पैसे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताची शेतं, आणि त्यापलीकडे खाडी असावी असा नुसता अंदाज. खिडकीतून गार वारा आणि मधूनच नाक चुरचुरवणारा रसायनाचा वास. घणसोलीच्या फाट्यावर उतरलो. तिथून गावातून चालत खाडीच्या बांधापर्यंत अर्धा तास. (आता हाच रस्ता शोधायला जाल तर टॉवरांमध्ये हरवाल. स्टेशनवर उतरून रिक्षा करा.) गावातली घरं तेव्हा कौलारू आणि बसकी होती. दारांत सुकट वाळत घातलेली. एका म्हातारीने आमची वरात बघून विचारलं, "कोन मेला काय?" आम्ही सगळे एका रांगेत, गप्प, खाली माना घालून चाललो होतो, त्यात तिचा काय दोष.

जोड्या लावायची वेळ आली तेव्हा मी उरले. माझी जोडीदार कुमुद येणार होती, पण तिच्या मुलाला कांजिण्या आल्या. सरांनी दोनदा मोजलं, नऊच भरले. "तुम्ही असं करा," ते म्हणाले, "इथे उघाडीपाशी थांबा. जागा सोडू नका." उघाडी म्हणजे बांधाचं झडपेचं तोंड, आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. मग चार जोड्या चार दिशांना गेल्या आणि मी तिथल्या दगडावर बसले. शाळेत खेळात न घेतलेल्या मुलीसारखं वाटलं. डोळे भरून आले आणि दुर्बिणीची काच धुरकटली, एवढंही सांगते.

एका बाजूला चिखलाचं मैदान, त्यापलीकडे पाण्याची चमकती रेघ. दुसऱ्या बाजूला सोडून दिलेलं मिठागर, त्यात गुडघाभर पाणी. पाणी चढायला लागलं तशी चिखलातून एक बाई वर आली. काष्टा मारलेलं लुगडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर टोपली आणि टोपलीत चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, खुडबुड. ती माझ्याशेजारी बसली, जशी काही रोजच बसते.

"यकटीच आलीस का गो बाय?"

"हो. म्हणजे बाकीचे तिकडे गेलेत."

"मंग यकटी कशी? मी हाय ना."

नाव विचारलं तर म्हणाली, हिराबाई. मी डबा उघडला. माझ्याकडे पोळी आणि बटाट्याची भाजी, तिच्या फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आम्ही अर्धं अर्धं केलं. माझा नवरा कुठे, पैसे पाठवतो का, पोरं का नाहीत, हे तिने तीन घासांत विचारून घेतलं. वर्षभरात मला कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. चटणी अशी झणझणीत की पुन्हा डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी हसता हसता.

तेवढ्यात ती म्हणाली, "त्यो कोन गो?"

मी बघत होते खाडीकडे. तिने बोट दाखवलं मिठागराकडे. पाण्यात एक उंच, मळकट करड्या रंगाचा पक्षी उभा होता. मला वाटलं राखी बगळा.

"बगला नाय," ती म्हणाली. "बगला भाल्यासारका मारतो. ह्यो बग, डोकी उलटी करून खातो. नाक बी वाकडा हाय त्याचा. आमचे खाडीन असला पाखरू मी कदी बगला नाय."

मी दुर्बीण लावली. खरंच, डोकं उलटं करून तो पाणी चाळत होता. चोच मध्येच वाकलेली. पाय काठीसारखे, लांबच लांब. पुस्तकातलं गुलाबी चित्र मला आठवलं आणि त्याखालची बारीक ओळही आठवली: पिल्लं करडी असतात. रोहित! ज्याला आता सगळे फ्लेमिंगो म्हणतात तो. आज तुम्ही बोटीत बसून हजारो बघता, पण तेव्हा आमच्या मंडळात कोणी या खाडीत एकही बघितला नव्हता. आणि हा कळपातून चुकलेला, एकटाच उभा. मी हिराबाईला दुर्बीण दिली. तिने बराच वेळ बघितलं.

"पोर हाय," ती म्हणाली. "आई कुटं ऱ्हायली त्याची कोन जाने."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, घड्याळाकडे लक्ष नव्हतं. मग कुठूनसं कुत्रं भुंकलं आणि तो उडाला. उडताना पंखाखाली जरासा फिका गुलाबी रंग दिसला. हिराबाई उठली, "भात टाकायचाय गो," म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि शेताच्या बांधावरून निघाली. ती शंभरेक पावलं गेली असेल तेवढ्यात सरांची शिट्टी ऐकू आली. हाक मारली असती तर तिला सहज ऐकू गेली असती. सकाळच्या हवेत आवाज लांब जातो.

गावदेवीच्या देवळाबाहेर चहा झाला आणि सर यादी वाचायला लागले. शेकाट्या, दोन हात. तुतारी, दोन हात. राखी बगळा, आठ हात. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

मी हात वर केला. "रोहित. एक. पिल्लू."

सगळे वळले. पहिल्यांदाच कोणी दुर्बिणीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"करडा होता ना? मग बगळाच तो," कोणीतरी म्हणालं.

"बगळा भाल्यासारखा मारतो," मी म्हणाले. "हा डोकं उलटं करून खात होता. चोच वाकडी होती."

सरांनी चष्मा काढला. "डोकं उलटं करून? हे तुम्ही स्वतः टिपलंत?"

"हो," मी म्हणाले.

"वा! फार बारीक नजर आहे हो." सरांनी पेन्सिल उचलली. "दुसरा हात?"

कोणीच हात वर केला नाही. सर खरंच हळहळले होते. त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश विचारलं, "तुमच्याबरोबर दुसरं कोणी होतं का?"

"नाही सर. मी एकटीच होते."

मी हे मुद्दाम लपवलं असतं तर एक वेळ बरं होतं. पण तोंडातून आपसूक आलं. वर्षभर तेच बोलत होते, तेच लिहीत होते. सरांनी रेघ मारली आणि आम्ही बस धरायला निघालो. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मनात मी मंडळाला, नियमाला आणि कुमुदच्या मुलाच्या कांजिण्यांनासुद्धा नावं ठेवत होते.

रात्री नवऱ्याला पत्र लिहायला बसले. रोहिताचं सगळं लिहिलं, आणि मग सवयीने 'मी एकटीच' लिहायला घेतलं. तिथे पेन थांबलं, कारण हाताला अजून सुकटीच्या चटणीचा वास येत होता. साबणाने दोनदा धुवूनही गेला नव्हता. माझी मलाच इतकी लाज वाटली की पत्र तसंच ठेवून मी उठले आणि घरात फेऱ्या मारत राहिले. पक्षी तिने शोधला, चोच तिने ओळखली, तिचं वाक्य मी माझं म्हणून खपवलं, आणि ती तिथे नव्हतीच असं सांगून आले.

मंगळवारी सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, ती मंडळाची सभासद नाही, तिचा हात चालणार नाही. सर म्हणाले, "नियमात दोन माणसं म्हटलंय. सभासद कुठे म्हटलंय? रविवारीच का नाही बोललात? मी तिच्या घरी जाऊन विचारलं असतं." याद्या सोमवारीच टपालात पडल्या होत्या.

पत्र दुसऱ्यांदा लिहिलं ते मात्र खरं लिहिलं, सरांना सांगितलेल्या 'एकटीच'सकट. महिन्याभराने उत्तर आलं. रोहिताबद्दल नवऱ्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं: 'ही हिराबाई कोण? कुठे राहते, घरी कोण कोण असतं? तुला कोणीतरी भेटलं हे वाचून बरं वाटलं.'

उत्तर द्यायला मी त्या दिवशीची वही काढली. रोहिताचं अर्धं पान भरलं होतं. उंची, पायांचा रंग, चोचीचा बाक, पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा. हिराबाईबद्दल एक ओळही नव्हती. तिने मला नवऱ्यापासून पोरांपर्यंत सगळं विचारलं होतं. मी तिला नावाशिवाय काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर दोन रविवार मी उघाडीवर जाऊन बसले, डब्यात जास्तीच्या पोळ्या घेऊन. गावातही विचारलं. "कंची हिराबाई? इतं सात हिराबाया हायत," असं एकीने सांगितलं. त्यांतल्या चौघींना मी भेटले, चौघींच्या घरी चहा प्यायले. त्यांतली एकही ती नव्हती.

ती यादी अजून माझ्याकडे आहे, निळ्या शाईची, कडा पिवळ्या पडलेली. तळाशी मी पेन्सिलने रोहित लिहून ठेवलाय, आणि पुढे दोन नावं. माझ्या नावापुढे आडनाव आहे. तिच्यापुढची जागा मोकळी सोडली आहे.