बारा शेतं आणि तेरावं नाव

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून जातो, घरच्यांना विचारा हवं तर. तरी हे लिहितोय… कारण डोक्यातून जातच नाही.

बुऱ्हाणपूर, सिंधीपुरा, आमच्या घराची वरची खोली, भर दुपार. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि काम करीन तर फंक्शनल प्रोग्रामिंगचंच, म्हणून अडून बसलो होतो. मित्र म्हणत, "सगळ्यांसारखं जावा प्रोग्रामिंग कर ना यार!" पण मला फंक्शनलमधली एकच गोष्ट आवडायची — तीच माहिती टाकली की दरवेळी तेच उत्तर येतं. हजारदा चालवा, कोड मनाचं काही घालत नाही. दहा महिन्यांत एकाच कंपनीनं विचारलं आणि परीक्षा म्हणून काम दिलं: शेतांची यादी घ्या, केळी कटाईचा क्रम लावून दाखवा. मी मामाच्या गावची बारा शेतं मालकांच्या नावानं टाकली. बाहेर आली तेरा!

तेरावं नाव — भागाबाई.

यादी पाहिली, कोड पाहिला, हे नाव कुठंच नाही. पुन्हा चालवलं… भागाबाई. कोड असं करूच शकत नाही, म्हणजे हात माणसाचाच! आणि खोलीत येणारं दुसरं कोण? ताई.

"खरं सांग, लॅपटॉपला हात लावलास ना?"

"मले काय करायचंय तुया डबड्याले?" ताई भडकली. "कसम से, शिवलं बी नाही!"

मी तिला खोटारडी म्हणालो. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग मामाला फोन लावला. "मामा, भागाबाई कोण?"

तिकडून उलट सवाल, "कोणी सांगितलं तुले?" आणि फोन कट. आता मला मामाचाही संशय यायला लागला.

काम त्याच दिवशी पाठवायचं होतं. मी निकालाच्या फाइलमधली ती ओळ हातानं पुसली आणि पाठवून दिलं.

आठवड्यानं व्हिडिओवर मुलाखत झाली. मॅडम म्हणाल्या, "कोड छान आहे. पण आमच्याकडे चालवला तर तेरा नावं येतात. तुमच्याकडे बारा कशी?"

तिथं तर ना ताई, ना मामा! सगळं खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक सापडत नाही असं लिहिलं असतंत, तरी तुम्हाला घेतलं असतं. ओळ पुसलीत कशाला?"

नोकरी हातची गेली. खूप रडलो, सांगायला लाज कसली? आता जावाच करतो. तो कोड नंतर चार जाणकारांना दिला — चौघांकडेही तेरा, आणि का ते एकालाही सांगता येत नाही. मलाही नाही. भागाबाईचं नाव काढलं की मामा अजून फोन ठेवतो. ताईची माफी मागितली… "ठीक आहे," म्हणाली. पण माझ्या खोलीत ती अजून पाय ठेवत नाही.