दाजींचं सीरम

रक्त गोठायची वाट पाहावी तर आमच्या दाजींनी! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकात कसबा बावड्यात त्यांची रक्ततपासणीची लॅब होती, आणि तिथे घाई सोडून सगळं मिळायचं. साध्या नळीतलं रक्त आपलं आपण गोठल्याशिवाय ते नळ्या फिरवायच्या यंत्राला हात लावत नसत. पेशंट चुळबुळला की व्याख्यान सुरू: "त्ये बघा पावणं, गोठू न देणारं औषध घालून रगात फिरवलं, की वर येतो त्यो प्लाझ्मा. साय काढलेलं दूध म्हणा की. आन् रगात गोठून पाणी सुटतं, त्ये सीरम. दह्यावरचं पाणी. गोठायचा माल प्लाझ्मात शिल्लक असतो, सीरममधला गुठळीत गेलेला असतो. कळलं का न्हाय?" पेशंटला कळो न कळो, आमच्या आईनं मात्र हे ऐकल्यापासून दही सोडलं.

एकदा तालमीतला एक पैलवान आला. दाजी चहाला आत गेल्याचं बघून गड्यानं, काम लवकर उरकावं म्हणून, स्वतःच्या रक्ताची नळी ताक घुसळावं तशी हलवली. पेशी फुटल्या, सीरम लालभडक. दाजींनी न रागावता दुसरी सुई काढली. ती बघूनच पैलवान चीतपट! "आता ह्यो शुद्धीवर यायची वाट बघू," म्हणत दाजींनी आणखी एक चहा मागवला.

पुढे दोन हजारनंतर कधीतरी दाजींच्याच छातीत कळ आली. "गॅस असंल, बसंल की," म्हणून तिथेही ते वाट बघत बसले. दवाखान्यात पोचायला उशीर झाला तो झालाच. रक्त पातळ राहायचं औषध सुरू झालं. तपासणीला रक्त नेणारी मुलगी थोड्या वेळानं परत आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "ह्यांचं गोठतच न्हाय हो नळीत."

दाजी एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "गोठंल कसं? औषध माझ्याच अंगात घातलंय. पावणं, मीच प्लाझ्माची नळी झालो की!" मग व्याख्यान सुरू झालं. ते मला तोंडपाठ होतं, पण त्या दिवशी ते संपूच नये असं वाटत होतं. साय काढलेल्या दुधापर्यंत आले आणि त्यांना दम लागला. पुढचं मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "गोठायचा माल सांगायचा ऱ्हायला की," एवढी चूक त्यांनी काढली.

दाजी घरी परतले नाहीत. तेराव्याच्या जेवणाला आईनं इतक्या वर्षांनी दही वाढून घेतलं. वरचं पाणी वाटीत हळूच हलवून बघितलं आणि मला विचारलं, "ह्येच न्हवं का रं, जावयबापूंचं सीरम?"

मी व्हय म्हटलं. मग ती ते प्यायली.