सुकेशनीची सगळी गावं

बानाबाई मोठी हट्टी बाई. उपाशी राहील, पण कुणापुढं हात पसरणार नाही. पावसाळा सरला की नवरा मुंजाबा मेंढरं घेऊन निघायचा अन् ही घोड्यावर बिऱ्हाड लादून त्याच्या मागं. शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, वावराला खत मिळायचं, बदल्यात जवारी. मेंढरू पिकात घुसलं की भांडणंही व्हायची, अन् भांडणात बानाबाई कुणाला ऐकत नसे.

तिची लेक सुकेशनी संभाजीनगरला गाणं शिकली अन् थेट टीव्हीवरच्या स्पर्धेत पोचली. पण तिथली तऱ्हाच न्यारी! नुसतं चांगलं गाऊन भागत नाही, लोकांची फोनवरून मतं मिळावी लागतात. कमी मतं पडली की घरी. बाकीच्या पोरांमागं अख्खे तालुके उभे, चौकाचौकात बॅनर, 'आपला माणूस' म्हणून पुढाऱ्यांची आवाहनं. हिच्यामागं कोण? भाऊबंद रानोमाळ पांगलेले, त्यात फोनला रेंज नाही. शेतकऱ्यांना मतं द्यायला सांग, असं मुंजाबा म्हणाला, तर बानाबाई त्याच्यावरच उखडली. आपण कोण लागतो त्यांचे?

त्या आठवड्यात मेंढरं कन्नडजवळ आवडाबाईच्या वावरात होती. आवडाबाईनं पोरीला टीव्हीवर ओळखलं अन् दोघांना स्पर्धा बघायला घरी बोलावलं. सूत्रसंचालकानं सुकेशनीला गाव विचारलं, तर पोरगी म्हणाली, "एक नाय. ज्यांच्या वावरात आमची मेंढरं बसली, ती समदी माझीच गावं." अन् पिशोर, नाचनवेल, हतनूर, करंजखेड अशी वाटेवरची नावं तिनं घडाघडा सांगितली.

आवडाबाईनं आधी स्वतःचं मत दिलं, मग पोरासुनांना द्यायला लावलं अन् मग बानाबाईकडं वळली. "ही पोर आमच्या बांधावर चालायला शिकली. अन् मला सांगायची तुला लाज वाटली व्हय?"

बानाबाईला तोंड वर करवेना. ज्यांच्याशी आपण कडाकडा भांडलो, त्या माणसांनी आपली पोर मनात धरून ठेवली होती अन् आपल्याला पत्ताच नाही!

सुकेशनी तरली. त्या साऱ्या गावांतून मतं पडली होती. पुढची फेरी अवघड आहे, असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हा बानाबाई म्हणाली,

"हरलीस तरी भिऊ नको, बाई. आमी कुठंबी असू, तू ह्यातल्या कोन्च्याबी गावाला यष्टीतून उतर. लोक तुला घरीच नेतील."