आल्प्सच्या तळ्यापुढे मालवणी गाऱ्हाणं

जुलैत आखातातल्या आमच्या मंगफच्या फ्लॅटमध्ये थंड पाण्याचा नळही कढत पाणी देतो. तेव्हा ठरलं, यंदा ऑस्ट्रिया. आई काही महिने आमच्याकडे आली होती. तिने मालवणजवळचं घर बंद करून कायमचं इथेच राहावं, हा माझा हट्ट होता. थंडाव्यात ती जरा नरम पडेल, असा माझा होरा. तुम्ही जाणार असाल तर व्हिसाची अपॉइंटमेंट हिवाळ्यातच धरा.

आईने बॅगेत शेजारच्या अबू हलीफातल्या दुकानातला नारळ घातला. "परक्या मुलखात रिकाम्या हातान जाव नये." म्युनिकला कस्टमवाल्याने तो कानाशी हलवून पाहिला आणि परत दिला. नारळ चालतो, नोंद घ्या.

पुढे ऑस्ट्रियापर्यंत भाड्याची गाडी. हॉटेलातलं जेवण महाग, म्हणून खोलीवर पिठलं-भात.

दुसऱ्या दिवशी तळं. हिमनदीने डोंगर कोरून केलेला खड्डा, तिनेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध, आणि खडकाच्या पिठाने हिरवट-दुधी झालेलं पाणी. आम्ही उतरलो होतो तिथली घरमालकीण कुत्रा घेऊन सोबत आली होती. तिने सांगितलं, तळाशी एक राखणदारीण असते. आवडलं ते ती ठेवून घेते, नको ते काठाला धाडते. माझ्या लेकीने आईला सांगितलं, "आजी, शी डिसाइड्स."

आईने स्वेटरवर पदर खोचला. "बा तळ्याच्या म्हाराजा, ह्यो नारळ ठेवून घेतलंस तर मी झिलाकडे ऱ्हवतंय. परत धाडलंस तर माझो गाव बरो."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. घरमालकीणही म्हणाली, बऱ्यापैकी सुरात.

आईने पाण्यात सोडलेला नारळ तरंगत राहिला. वारा त्याला काठाकडे आणू लागला, तसा मी हळूच खडे मारून त्याला आत ढकलू लागलो. कुत्र्याला वाटलं, खेळ सुरू झाला. त्याने उडी घेतली, शेंडी दातांत धरली आणि नारळ आईच्या पायाशी आणून ठेवला.

"कुत्र्याने आणलेला धरायचा नाही," मी म्हणालो.

"राखणदाराचोच कुत्रो तो," आई म्हणाली. कौल झाला होता.

मंगफला परतल्यावर तिची बॅग भरताना मी कुरकुरलोच. आई घड्या घालत म्हणाली, "अरे, नारळ कधी बुडता काय? तुका नाय म्हणूक माझी जीभ उचलना. म्हणान देवाक मदी घातलंय."

नारळ बुडत नाही हे मालवणच्या पोराला काय सांगायचं? तरी त्या काठावर, तो बुडावा म्हणून मी मनापासून देवाला हात जोडले होते.