पट्टीखाली गेलेलं सेव्हचं बटण

त्या पोरीला नोकरीवर मीच आणलं होतं. हे आधीच सांगते, कारण नंतर माझा जो जळफळाट झाला त्याला दुसऱ्या कुणाला जबाबदार धरायची सोय नाही.

नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला जयपूरला घेऊन आली आणि मी वैशाली नगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात चिकटले, ती बारा वर्षं. तिथे मी एकटीच मराठी. ही मुलाखतीला आली ती इथल्याच शास्त्री नगरात वाढलेली, वडील रेल्वेत, मूळचे अकोल्याचे. मी मराठी आहे कळल्यावर म्हणाली, "ताई, मला मतलब... मराठी येते, पण अटकते." मी विरघळलेच. सरांना म्हटलं, हिला घ्या, हिला तयार करायचं माझ्याकडे लागलं.

ऑफिसात ती सगळ्यांशी फडाफडा हिंदी बोलायची आणि माझ्याशी तेवढं अडखळत मराठी. मी डबा खाताना तिच्या चुका काढायचे. अटकते नाही गं, अडखळते. तीही हसत पुन्हा म्हणून दाखवायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग रक्ततपासणीच्या एका लॅबमधून तक्रार आली. पावती करायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि त्यातलं सेव्हचं बटण म्हणे दिसतच नव्हतं. सरांनी आम्हा दोघींना पाठवलं. त्याच आठवड्यात जगतपुऱ्यातल्या एका कॉलेजचं काम आमच्यापैकी कुणाला द्यायचं ते सर ठरवणार होते. एवढं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं आणि ते मला हवं होतं. त्यामुळे नेमक्या त्या दिवशी माझ्या प्रोग्रॅमने नाक कापायला नको होतं.

काउंटरवर पाहिलं तर बटण जागच्या जागी होतं, फक्त टास्कबारखाली गेलं होतं. म्हणजे खाली घड्याळ आणि उघड्या प्रोग्रॅमची चित्रं असतात ती पट्टी. तिथल्या माणसाने ती ओढून दुप्पट जाड केली होती. माझ्या कॉम्प्युटरवर ती पट्टी मी कायम लपवून ठेवते. काम करताना स्क्रीनची बोटभर जागासुद्धा मला दुसऱ्या कशाला द्यायला आवडत नाही. म्हणून मी प्रोग्रॅमची विंडो मापली ती स्क्रीनच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आणि पट्टीचा विचारच केला नाही.

मी लॅपटॉप उघडला, पट्टीची उंची मोजली आणि विंडोच्या उंचीतून तेवढे पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, वजा केले. बटण दिसलं. शेजारच्या काउंटरवर गेलो तर त्या बाईंनी पट्टी डाव्या बाजूला उभी लावलेली. आता खाली रिकामी जागा आणि डावीकडे पेशंटच्या नावांची पहिली अक्षरं गायब. मी पुन्हा मोजायला बसले.

तेव्हा मागून ती म्हणाली, "ताई, आपण मोजतो कशाला? विंडोजलाच विचारू ना, पट्टी सोडून किती जागा उरली. त्याला माहीत असते."

एक ओळ. तिने माझ्याच लॅपटॉपवर लिहिली. कुठून कुठपर्यंत जागा मोकळी आहे ते चार आकड्यांत आलं, आणि दोन्ही काउंटरवर विंडो अशी नीट बसली की बघत राहावं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ये नईवाली तो बडी तेज है." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ऑटोत बसल्यावरही थांबेना. ही कालची पोरगी. हिला मी आणलं, मी शिकवलं, आणि तेज ही. रस्ताभर मी तोंड फिरवून बसले. ती आपली मला बाटलीतलं पाणी देत होती.

ऑफिसात सरांनी विचारलं, किसने पकडा? मी म्हटलं, मैंने. आता प्रोग्रॅम मोकळी जागा स्वतःच विचारून घेतो, कुठेही अडचण येणार नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोललीच तर काय उत्तर द्यायचं तेसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "हां जी, सर," आणि जागेवर जाऊन बसली.

कॉलेजचं काम मला मिळालं. मी सगळ्यांना कचोऱ्या आणल्या. तिनेही एक घेतली.

तीनेक आठवड्यांनी त्याच कामात मी अडकले. कॉलेजच्या ऑफिसात एकेका कॉम्प्युटरला दोन-दोन स्क्रीन होते, आणि विंडो दुसऱ्या स्क्रीनवर नेली की बटण पुन्हा पट्टीखाली. सकाळपासून दुपारपर्यंत डोकं आपटलं. शेवटी गिळला अपमान आणि तिला हाक मारली.

ती आली, उभ्या उभ्याच पाहिलं. "मॅडम, हर स्क्रीन की अपनी जगह होती है. आप पहलीवाली से पूछ रही हैं. विंडो जिस पर है, उससे पूछिए." दोन मिनिटांत झालं. कुठे अडखळली नाही, एक शब्द चुकला नाही. मला दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, मराठीत सांग ना."

ती अगदी अदबीने हसली. "अटकती है, मॅडम," म्हणाली, आणि आपल्या खुर्चीकडे गेली.