अळवाची टायरं

दापोलीहून केळशीला जाताना तेरवण्याचा सडा, कातळाचं उघडं माळ, लागतो. एस्टी तिथं थांबते आणि खाली उतरणाऱ्याचं डांबरही तिथंच थांबतं. डाव्या हाताला खाली उतरलं की बौद्धवाडी. वाट कातळाची, मध्ये मध्ये जांभ्याची खडी. गावातल्या बाकीच्या वाड्यांचं डांबर येऊन जुनं झालं, उखडलं, परत आलं. ह्या वाडीचं तेवढं दर निवडणुकीला निघतं आणि वाटेत कुठंतरी हरवतं.

ह्या वाडीतला प्रमोद तांबे दापोलीत एका कचेरीत लिपिक आहे. अंगानं किरकोळ, भांग नीट, खिशाला पेन. कुणाशी मोठ्यानं बोलणार नाही, पण विहारात दर रविवारी पंचशील तोच सांगतो आणि मागून अख्खी वाडी म्हणते. गळा बरा आणि उच्चार साफ, म्हणून ते काम त्याच्याकडं आलं.

वाडीत पहिली चारचाकी आली ती त्याची. लहानशीच, पांढरी. ती यायची ठरली तेव्हा खाली उतरायला वाट नव्हती, पायवाट होती. वाडीतल्या भिकाजीनं लोखंडी पारई काढली, बाप्यांनी कातळाचे उंचवटे फोडले, बायकांनी खडीच्या पाट्या वाहिल्या. त्यात सगळ्यात पुढं होती हौसाकाकी. प्रमोदच्या बापसाच्या चुलतभावाची बायको, नवरा जाऊन जमाना झाला, पोटी मूल नाही. साठी कधीच उलटलेली, तरी डोक्यावर पाटी घेऊन वर-खाली करत होती. "हळू गो काकी," कुणी बोललं तर म्हणाली, "गाडी काय एकट्या प्रमोदची नाय. मी पुढच्या शीटवर बसणार हाय."

आणि बसलीच. दर महिन्याला साखर तपासायला दापोलीला जायचं तर पुढची शीट काकीची. बाळंतीण असो, तापकरी असो, मुंबैकराच्या बॅगा असोत, गाडी खळ्यापर्यंत, पार अंगणात जायची. प्रमोदला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोला, वायच कंटाळाही होता.

कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलाला अमरदीप. वयानं लहान, गाड्यांचा शौकीन. एकदा प्रमोदच्या गाडीत बसून आला आणि उतरल्यावर म्हणाला, "तांबेसाहेब, तुमची गाडी वळणावर म्हशीसारखी अंग टाकते हो. टायर केवढं बारीक! अलॉयची चाकं घाला, रुंद टायर घाला. मग बघा रस्ता कसा धरते ती."

हे 'रस्ता धरते' प्रमोदच्या डोक्यात बसलं. सकाळ-संध्याकाळ तोच वळणावळणाचा रस्ता, प्रत्येक वळणाला गाडी कलणार, हा स्टेअरिंगला लोंबकळणार. त्यात त्याच रस्त्यानं येणारा-जाणारा अमरदीप वळणावर हॉर्न मारून पुढं निघून जाणार. शेवटी उन्हाळ्यात, काकीची साखर तपासायच्या दिवशीच, त्यानं गाडी जिब्रानच्या दुकानात घातली.

जिब्रान कुवेतला गॅरेजात राबून आलेला. दापोलीत टायरचं दुकान टाकलंय, तोंड सतत चालू. त्यानं काकीला खुर्ची दिली, चहा दिला, आणि काळ्या चकचकीत चाकांचा एक जोड खाली ठेवला.

"हे घाला प्रमोदभाय. चाक मोठं, टायर रुंद, नि टायरची उंची कमी. त्यामुळं वळणाला दबत नाय. पण एक सांगा, घरापर्यंत रस्ता कसला हाय? दगडाचा असेल तर हे घालू नका. टायरची बाजू पातळ असते, धार लागली की गेलं."

दुकानात अमरदीप उभा होता. आणखी दोन गिऱ्हाइकं होती. प्रमोदच्या तोंडातून निघून गेलं, "डांबरी."

"पार दारापर्यंत?"

"पार दारापर्यंत."

खुर्चीवर काकी चहा पीत होती. तिनं बशी खाली ठेवली, तोंड पदरानं पुसलं आणि बाहेर रस्त्याकडं बघत राहिली.

जुनी टायरं अजून वर्षभर सहज चालली असती. काकी म्हणाली, "ती टाकू नको रे. मला दे. पावसात माती वाहून जाते, अळू ऱ्हवत नाय माजं. टायरात लावीन." म्हणून जिब्राननं ती डिस्कवरनं, चाकाच्या लोखंडी तबकडीवरनं, उतरवून दिली. दोन डिकीत, दोन मागच्या शीटवर. लोखंडी डिस्क प्रमोदच्या पडवीत गेल्या आणि काकीच्या खळ्यात चार टायरं ओळीनं मांडून तिनं अळू लावलं.

आता गाडीचं सांगायचं तर अमरदीप बोलला ते खरं होतं. गाडी बदलली. वळणाला जाताना आधी जी घुटमळायची ती आता सरळ आत शिरायची, अंग टाकायची नाही, स्टेअरिंग फिरवावं तेवढीच फिरायची. प्रमोद चाळिशीच्या पुढं गेलेला माणूस, पण पहिल्या आठवड्यात एक वळण त्यानं उगाच मागं फिरून पुन्हा घेतलं.

पण वाडीची वाट काही बदलली नव्हती. कातळावर आदळली की दणका थेट कमरेत. मागं तिघं बसले की टायर वरच्या पत्र्याला घासायचं. आणि उतारावर वाटेत रुतलेल्या एका मोठ्या वाकड्या जांभ्या दगडापाशी एक दिवस पुढच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. जिब्राननं फुगा बघितला, मग प्रमोदकडं बघितलं. "डांबरात कुठं धार लागली?" प्रमोद म्हणाला, "कुणाला तरी वाट देताना कडेला गेलो." टायर बदललं. दुसरं खोटं पहिल्याइतकं जड गेलं नाही.

तेव्हापासून गाडी सड्यावर उभी राहू लागली.

"गाडीचं खालनं काम निघालंय," तो वाडीत सांगायचा. मॅकेनिक बोललाय, दगडावर घालू नका, थोडे दिवस. माणसं आपली चढून वर यायची. बायको रेणुका एकदा म्हणाली, "काम निघालंय तर करून टाका की."  भिकाजी मात्र चढ चढून, दम खात म्हणाला, "प्रमोदा, आमी वाट केली ती गाडी खाली यावी म्हणून. आता आमीच गाडीला भेटायला वर येतावं!" सगळे हसले. प्रमोदही हसला, आणि त्या हसण्यानं त्याला दिवसभर कसंतरी होत राहिलं.

रविवारी विहारात पंचशील सांगताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. त्याचा आवाज तिथं पडला. खोकल्याचं निमित्त करून त्यानं ते उरकलं. मागून वाडीनं ते स्वच्छ म्हटलं. काकीचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला, तिचा आवाज चिरका आहे.

भादव्यात काकीची तपासणीची पाळी आली. आदल्या दिवशी तो तिच्या खळ्यात गेला. टायरांतलं अळू कमरेएवढं वाढलं होतं, पानं सुपाएवढी.

"काकी, सकाळी सड्यावर येशील ना? गाडी खाली नाय आणत."

"येतंय की. पायाला काय धाड भरली माज्या?"

सकाळी तो सड्यावर उभा होता. फडक्यानं पुढचं चाक पुसत होता, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं त्याला तेच आठवत राहिलं. खालून भिकाजीची हाक आली. पावसानं कातळावर शेवाळ धरलेलं. त्या वाकड्या जांभ्यापाशी काकीचा पाय सरकला होता.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला वर आणली. घोट्याच्या वर हाड मोडलेलं, पाय नको तिकडं वळलेला. खुर्ची गाडीपाशी टेकवून भिकाजी सरळ झाला. त्यानं नुसतं चाकाकडं बघितलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर प्रमोदला बरं वाटलं असतं.

दापोलीपर्यंत गाडीनं वळणं सुरेख घेतली. काकी जराही इकडं-तिकडं झाली नाही. पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या पातळ टायरांनी जसाच्या तसा वर पाठवला, आणि दर खड्ड्याला काकीच्या तोंडून 'आय गो' निघत होतं. प्रमोद गाडी बैलगाडीसारखी हळू चालवत होता. तरी निघत होतंच.

"पाय कसा घसरला आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नजर कुटं हाय माजी आता," काकी म्हणाली. "ह्यो पोरगा होता म्हणून आले तरी."

प्रमोद औषधं आणतो सांगून बाहेर गेला आणि जिन्यात बसून राहिला.

पाय बसवून प्लास्टर झालं. काही दिवसांनी डॉक्टर घरी न्या म्हणाले. पाय जमिनीला लावायचा नाही, म्हणजे गाडी खळ्यापर्यंत जायलाच हवी. आणि ह्या टायरांवर, ह्या वाटेनं, तो पाय घेऊन? न्यायच्या आदल्या सकाळी प्रमोद फावडं घेऊन काकीच्या खळ्यात उतरला. साधी टायरं नवी घेता आली असती, पण त्याला ती जुनीच हवी होती. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. गाडी होती तशी करायची, एवढंच डोक्यात.

दोन टायरं मोकळी झाली तेवढ्यात वयीच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडनं भिकाजी.

"अरे मेल्या! म्हातारी हास्पिटलात नि तू तिचं अळू उपटतोस?"

प्रमोदच्या हातात मुळासकट अळू. तोंडाशी आलंच होतं काहीतरी, मॅकेनिकचं, कामाचं. त्यानं ते गिळलं. "गाडीचं काम काय निघालेलं नव्हतं, भिकाजीदादा. चाकं खराब होतील म्हणून खाली आणत नव्हतो."

 भिकाजी कुंपण ओलांडून आत आला आणि तिसऱ्या टायरातली माती हातानं उकरायला लागला. "हे काकीला तू सांगायचास," म्हणाला. "मी नाय सांगणार. आणि तू सांगितलं नायस तर मात्र सांगेन."

जिब्राननं टायर हातात घेतलं तर आतून गांडूळ निघालं. तो हसून लोळायचा बाकी राहिला. "प्रमोदभाय, गिऱ्हाईक टायरात हवा भरून आणतात, तुमी शेती करून आणलीत!"

"माझ्या वाडीचा रस्ता डांबरी नाही," प्रमोद म्हणाला. अमरदीप नव्हता, पण दुकान भरलेलं होतं, आणि आवाज त्यानं मुद्दाम उतरवला नाही. "कातळ आहे. तेव्हाही कातळच होता."

जिब्रानचं हसू थांबलं. "मग तेव्हाच बोलायचं ना भाय," तो म्हणाला आणि पाण्याचा पाइप घेऊन टायर धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी काकीला मागच्या शीटवर पाय लांब करून बसवली. रेणुका पुढं. पहिल्याच वळणाला गाडीनं अंग टाकलं. काकीनं वरची कडी धरली.

"गाडी पयल्यासारकी झाली रे. जुनी टायरं घातलीस?"

"हो काकी."

"माज्या अळवाची?"

"हो."

"आणि अळू?"

"उपटलं."

"त्याचं काय केलात?"

रेणुका मागं वळून हळूच म्हणाली, "फतफतं केलं, काकी. पानं सुकली असती."

 सड्यावर आल्यावर प्रमोदनं गाडी थांबवली, बंद केली. पुढं बघूनच बोलला, सगळं. दुकानातलं, फुग्याचं, मॅकेनिकचं. "माझ्यामुळं तुझा पाय मोडला," असं शेवटी म्हणाला.

"दुकानात मी बसलीच होती की तवा," काकी म्हणाली. "डांबरी बोल्लास ता कानानं ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"परक्या दुकानात घरच्या पोराला खोटं पाडू? वाटलं, आज ना उद्या गाडी घेऊन खाली येशील." तिनं पाय हातानं सारखा केला. "रस्ता नाय ह्याची लाज तुला कशाला रं? ज्यांनी केला नाय त्यांना वाटू दे की! वाट तर आमी केली होती. माज्या डोक्यावरची खडी हाय तितं."

प्रमोदला वाटलं होतं, सांगितलं की हलकं होईल. झालं नाही. त्यानं गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि खाली उतरू लागला. गाडी डावीकडं कलली, उजवीकडं कलली, पण दणका बसला नाही. निम्म्या उतारावर काकी ओरडली, "थांब! हतं. हाच तो दगड."

तोच वाकडा जांभा. फुगा त्यानंच आणला होता.

"उतर," काकी म्हणाली. "काढ त्याला."

कचेरीची पँट, पॉलिश केलेले बूट. प्रमोद उतरला. डिकीतून जॅकची दांडी काढून दगडाच्या बुडाशी घातली. दगड हलेना. तो शेवाळात गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी माती खरवडायला लागला. खालून भिकाजी पारई घेऊन चढत येत होता, पण काकीनं खिडकीतून हात करून त्याला लांबच थांबवलं.

"त्याला काढू दे," ती म्हणाली. मग प्रमोदकडं वळली. "आणि दगडाच्या जागी माती टाकून नीट चोप, नायतर पुढच्या पावसात खड्डा पडेल. माज्या अळवाचे कांदे परत लावायला कुटनं आणणार हायस, ता पण सांग."