काम शोधलंत का?

आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या बाईंना सगळे पाठीमागे ‘चार आठवडे’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. घरोघरी जाऊन रोजगाराची पाहणी करायची, हे आमचं काम, आणि त्यातला कळीचा प्रश्न एकच: गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का? काम नाही आणि शोधतोय, तो बेरोजगार. काम नाही आणि शोधतही नाही, तो बेरोजगारांत धरायचाच नाही. सगळे पुढारलेले देश असंच मोजतात, म्हणजे एकमेकांशी तुलना करता येते. मला हे पहिल्या दिवसापासून खटकायचं. शोधून शोधून दमलेला माणूस गेला कुठे? पण बाई नियमाच्या पक्क्या. “आपण मोजायचं. हळहळायचं ते घरी जाऊन,” असं त्या आम्हा नव्या पोरींना बजावायच्या.

बाईंचा नवरा लवकर गेला. जिने चढून चढून बाईंनी एका मुलाला वाढवलं, यंत्रांचे आराखडे काढायचं शिक्षण दिलं. तो पास झाला, पण नोकरी काही लागली नाही. रोज सकाळी त्या त्याच्या शर्टाला इस्त्री करायच्या, हातात डबा द्यायच्या आणि तो काम शोधायला बाहेर पडला की मगच स्वतः निघायच्या. “आमचा राजा चिकाटीचा आहे, आज ना उद्या लागेल कुठेतरी,” हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. कुणी त्यांची थट्टा मात्र करत नव्हतं. त्या एका आशेवर बाई तग धरून होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पाहणीसाठी घरं संगणक निवडतो. एकदा त्याने बाईंचंच घर निवडलं. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, म्हणून साहेबांनी मला पाठवलं.

सुट्टीचा दिवस होता. बाईंनी कॉफी केली, टेबल पुसलं आणि परक्यासारख्या समोर बसल्या. मुलगा आतल्या खोलीत होता.

“त्याला बोलावता?” मी विचारलं.

“झोपलाय गं. मी सांगते ना. विचार तू.”

माणूस घरात असेल तर त्यालाच विचारा, आया मुलांची बाजू सावरून घेतात, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. तरी मी प्रश्न विचारला.

“हो, शोधलं,” बाई म्हणाल्या. “रोज शोधतोय.”

तेवढ्यात दार उघडलं. मुलगा चौकटीत उभा होता, अंथरुणातून उठलेला.

“नाही शोधलं,” तो म्हणाला. “आई, थंडी सुरू झाल्यापासून मी कुठेच गेलो नाही.”

“म्हणजे? रोज जातोस कुठे मग?”

“पोहण्याच्या बंदिस्त तलावावर. वर प्रेक्षकांची बाकं आहेत. तिथे ऊब असते, कुणी उठवत नाही.”

“आणि डबा?” बाईंनी विचारलं.

“तिथेच खातो.”

“बाई, तुमचं उत्तर आलंय. मी तेच ठेवते,” मी पुटपुटले.

“त्याचं लिही,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मी आधीचं खोडून त्याचं उत्तर लिहिलं. “आणि पुढचा प्रश्न राहिला. का शोधलं नाही, ते विचार त्याला.”

मी विचारलं. तो माझ्याकडे नाही, आईकडे बघत म्हणाला, “मिळणार नाही, म्हणून.”

पुढच्या महिन्यात आकडे जाहीर झाले. तरुणांची बेकारी किंचित उतरली होती, श्रीमंत देशांच्या यादीत आपला नंबर सुधारला होता. साहेब खुशीत. त्यांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं, आमच्या कष्टांचं कौतुक केलं आणि स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आम्हीही वाजवल्या.

“साहेब,” मागून बाई म्हणाल्या, “जे कमी झालेत ना, त्यात आमचा मुलगा आहे. त्याला काम नाही मिळालं. त्याने शोधणं सोडलं.”

साहेब गोंधळले. “पण बाई, नियमाप्रमाणे...”

“मोजणी बरोबर आहे. मीच शिकवते ती सगळ्यांना. फक्त टाळ्या नका वाजवू,” असं म्हणाल्या आणि भर ऑफिसात बाई रडायला लागल्या.